गुडघ्याचे दुखणे आणि पावलाचे गणित

— द्वितीय वर्ष, कला शाखा

‘दुखणे येते हत्तीच्या पावलाने आणि जाते मुंगीच्या पावलाने’ असे आपल्याकडे म्हणतात. गुडघ्याच्या दुखण्याने मात्र ही म्हण उलटी केली आहे. ते येते तेच मुंगीच्या पावलाने, आणि एकदा आले की जायचे नाव काढत नाही. प्रथम उतारावर कळ येते. मग बसून उठल्यावर पहिली दहा पावले नकोशी वाटतात. पुढे चालच बदलते आणि आजूबाजूचे लोक म्हणू लागतात, ‘हिचे गुडघे गेले.’

गुडघे जातात म्हणजे नेमके काय होते? कोणी म्हणते वात शिरला, कोणी म्हणते वंगण संपले, कोणी म्हणते वाटी झिजली. डॉक्टर एक्स-रे पाहून ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ असे लांबलचक नाव सांगतात. या आजाराचा आणि आपल्या चालण्याचा संबंध काय, चालल्यामुळे गुडघा दुखतो की दुखतो म्हणून चाल बिघडते, आणि दुखत असता चालावे की बसून राहावे, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्या मजुरीवर माझे शिक्षण चालले आहे ती मजुरी माझी आई पायी जाऊन मिळवते. शेत गावापासून अडीच किलोमीटर दूर आहे. तिच्या गुडघ्यांनी जबाब दिला, तर थांबणारी गोष्ट केवळ तिचे चालणे नव्हे. म्हणून ग्रंथालयातील शरीरशास्त्राच्या पुस्तकांपासून सुरुवात केली, आणि जे समजले ते आपल्यापुढे मांडत आहे.

गुडघ्याची रचना

मांडीचे हाड वर, नडगीचे हाड खाली आणि पुढे वाटी, अशी ही जोडणी आहे. हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा गुळगुळीत पांढरा थर असतो, त्याला कूर्चा म्हणतात. दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात, एक आतल्या बाजूला व एक बाहेरच्या. सांध्याभोवती पिशवीसारखे आवरण असते आणि त्याच्या अस्तरातून वंगणासारखा द्रव पाझरतो. बैलगाडीच्या आसाला वंगण बाहेरून घालावे लागते. गुडघा आपले वंगण स्वतःच तयार करतो. शिवाय कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. दाब पडतो आणि सुटतो, त्याबरोबर सांध्यातील द्रव तिच्यात जा-ये करतो व त्यावर तिचे पोषण होते. म्हणजे बेताचे चालणे हा गुडघ्याचा शत्रू नव्हे, ते त्याचे अन्नच आहे.

या आजारात कूर्चा खडबडीत होऊन विरत जाते, तिच्या खालचे हाड घट्ट होते, कडेला हाडाची टोके वाढतात आणि आतले अस्तर अधूनमधून सुजते. म्हणून याला नुसती ‘झीज’ म्हणणे अपुरे आहे. गाडीचे चाक झिजते तेव्हा ते मुकाट झिजते. गुडघा हा जिवंत अवयव असल्यामुळे झिजत असताना तो दुरुस्तीचीही धडपड करतो. त्या धडपडीतूनही सूज आणि वेदना निर्माण होतात.

एका पावलात काय घडते?

आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलाला काही क्षण सगळे शरीर एकाच पायावर उभे असते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीच्या गुडघ्यावर त्या वेळी साठ किलोच भार येत असेल, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो कितीतरी अधिक असतो. बर्लिन येथील संशोधकांनी कृत्रिम गुडघ्याच्या आतच भार मोजणारी उपकरणे बसवली आणि पाच रुग्णांवर घेतलेली मोजमापे २०१० साली प्रसिद्ध केली. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावरचा सर्वोच्च भार सरासरीने शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के भरला. जिना चढताना तो ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के होता. म्हणजे साठ किलोच्या बाईच्या गुडघ्यावर साध्या चालण्यात सुमारे १५७ किलो आणि पायऱ्या उतरताना सुमारे २०८ किलो भार पडू शकतो. ‘चढ परवडला, पण उतार नको,’ असे आई नेहमी म्हणते. तिचा अनुभव आणि बर्लिनचे आकडे एकाच गोष्टीची साक्ष देतात.

हा जास्तीचा भार येतो कोठून? तंबूचा खांब उभा ठेवण्यासाठी चारी बाजूंनी दोऱ्या ताणतात. दोऱ्या जितक्या ताणाव्या तितका खांब जमिनीत अधिक रुततो. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू म्हणजे गुडघ्याच्या दोऱ्या. शरीर कोलमडू नये म्हणून ते आवळतात आणि त्यांच्या ओढीने हाडे एकमेकांवर अधिक दाबली जातात.

हा भार गुडघ्यावर सारखा वाटला जात नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. उजव्या पायावर उभे असताना शरीराचा मध्य त्या पायाच्या डावीकडे, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या अंगाला असतो. त्यामुळे जमिनीकडून वर येणारा प्रतिकाराचा जोर गुडघ्याच्या मध्यातून न जाता आतल्या बाजूने जातो आणि गुडघ्याला बाहेरच्या अंगाला, धनुष्यासारखे वाकवू पाहतो. शास्त्रीय भाषेत याला बल-आघूर्ण म्हणतात. आपण येथे ‘वाकवणारा जोर’ म्हणू. गाडीत माल एका बाजूला रचला की त्या बाजूचे चाक अधिक दाबले जाते, तसाच गुडघ्याचा आतला कप्पा अधिक दाबला जातो. निरोगी माणसातही निम्म्याहून अधिक भार आतल्या कप्प्यावर पडतो. त्या कप्प्यातच हा आजार अधिक आढळतो, त्याचे एक महत्त्वाचे कारण हे आहे.

पाय आधीच फेंगडे असतील तर हा जोर आणखी वाढतो. अमेरिकेतील एका अभ्यासात (२००१) असे दिसले, की ज्या रुग्णांचे पाय धनुष्याकृती होते त्यांच्या गुडघ्याचा आतला कप्पा अठरा महिन्यांत अधिक बिघडण्याची शक्यता सुमारे चौपट होती. जपानमध्ये मियाझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचा सहा वर्षे मागोवा घेऊन २००२ साली दाखवले, की सुरुवातीला ज्यांच्या चालण्यात वाकवणारा जोर अधिक होता त्यांचा आजार पुढे अधिक बळावला. आणि आजार बळावला, आतली फट अरुंद झाली, की पाय आणखी फेंगडा होतो. हे एक दुष्टचक्रच आहे.

दुखते कोठे?

येथे एक नवल आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत तशाच संवेदना नेणाऱ्या नसाही नाहीत. जी झिजते ती स्वतः दुखत नाही! दुखते ते तिच्या शेजारपाजारी. खालचे हाड, सुजलेले अस्तर, ताणलेले आवरण, वाटीमागची चरबीची गादी या साऱ्यांना नसा आहेत. एम.आर.आय. तपासणीत हाडाच्या मगजात जे डाग दिसतात, त्यांचा वेदनेशी संबंध असल्याचे २००१ साली दाखवण्यात आले.

म्हणूनच एक्स-रे आणि वेदना यांचे नेहमी जमतेच असे नाही. केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली एक्स-रेवरून आजाराची शून्य ते चार अशी प्रतवारी ठरवली. ती आजही वापरतात. पण एक्स-रेमध्ये पुष्कळ बिघाड असूनही काही माणसे आरामात चालतात, तर काहींचा एक्स-रे बरा दिसतो आणि त्यांना दोन पावले जड जातात. ‘फोटोत तर फारसे काही नाही, मग एवढे काय कण्हता?’ असे घरच्या माणसांनी म्हणणे हा रुग्णावर अन्याय आहे.

लंगडणे म्हणजे नखरा नव्हे

दुखू लागले की माणूस चाल बदलतो. तो हळू चालतो. दुखऱ्या पायावर कमी वेळ उभा राहतो, त्यामुळे पावले आखूड पडतात. एरवी टाच टेकल्यावर गुडघा सुमारे पंधरा ते वीस अंश वाकून धक्का झेलतो. दुखरा गुडघा मात्र ताठ ठेवला जातो. पुष्कळजण दुखऱ्या पायाच्या बाजूला अंग झुकवून, डुलत डुलत चालतात.

आमच्याकडे अशा चालण्याची चेष्टा होते. कामावरच्या बाया नक्कल करतात, आणि मुकादम म्हणतो, ‘चालता येत नसेल तर येऊ नको.’ आईला हे ऐकून घ्यावे लागते, आणि म्हणून लोकांसमोर ती सरळ चालण्याचा आटापिटा करते. पण या डुलण्यामागे शरीराचे केवढे गणित आहे! अंग दुखऱ्या बाजूला झुकवले की शरीराचा मध्य त्या गुडघ्याच्या जवळ येतो आणि वाकवणारा जोर घटतो. चालप्रयोगशाळांत अंगावर खुणा चिकटवून कॅमेऱ्यांनी आणि जमिनीत बसवलेल्या बलमापक फळ्यांनी हे मोजून पाहिलेले आहे. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तिच्या शरीराने हा सिद्धांत आपला आपण शोधून काढला आहे. त्याला नखरा म्हणणे म्हणजे अज्ञान होय.

अर्थात या युक्तीची किंमतही मोजावी लागते. डुलत चालण्यात दम अधिक लागतो आणि कंबर भरून येते. गुडघा ताठ ठेवल्यामुळे धक्का झेलला जात नाही. दुखऱ्या पायाचा वापर घटला की मांडीचे स्नायू बारीक होतात. शिवाय दुखऱ्या, सुजलेल्या सांध्याकडून जाणाऱ्या संदेशांमुळे मेंदू व मज्जारज्जू त्या स्नायूंना पुरते आवळूच देत नाहीत. स्नायू दुबळे झाले की गुडघा अधिक डगमगतो, डगमगला की अधिक दुखतो. तेव्हा ‘चालीने दुखणे की दुखण्याने चाल?’ या प्रश्नाचे उत्तर ‘दोन्ही’ असेच द्यावे लागते.

वेदना हा पहारेकरी

मग गोळी घेऊन वेदना थांबवली की काम झाले का? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना पायरॉक्सिकॅम हे वेदनाशामक देऊन त्यांची चाल मोजली. वेदना कमी झाली, आणि त्याबरोबर गुडघ्यावरचा भारही वाढला! पहारेकरी झोपला की चोराचे फावते, त्यातलाच हा प्रकार.

याहून ठळक उदाहरण टॅनेझुमॅब या औषधाचे आहे. वेदनेच्या नसांना चेतवणाऱ्या एका द्रव्याला हे औषध अडवते. वेदना चांगलीच कमी झाली, परंतु काही रुग्णांचे सांधे झपाट्याने निकामी होऊ लागले. त्यामुळे २०१० साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण विभागाने त्याच्या चाचण्या थांबवल्या. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या, पण २०२१ साली त्या विभागाच्या तज्ज्ञ समितीने १९ विरुद्ध १ मतांनी औषधाच्या विरोधात कौल दिला. हे सांधे अधिक चालल्यामुळे बिघडले की औषधाच्या इतर परिणामांमुळे, याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. पण वेदना गेली म्हणजे आजार गेला असे नव्हे, एवढा धडा त्यातून नक्की मिळतो. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ सालीच अशा रुग्णांचे वर्णन केले होते, ज्यांची सांध्यातील संवेदना नष्ट झाली होती आणि म्हणूनच ज्यांचे सांधे नष्ट झाले होते.

गोळी घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी. परंतु सकाळी गोळी घ्यायची आणि दिवसभर दुप्पट ओझी वाहायची, हा जो प्रकार खेड्यापाड्यांत सर्रास चालतो, तो घातक आहे.

सगळा दोष भाराचाच का?

इथवर वाचून असे वाटेल, की भार कमी केला की वेदना गेलीच पाहिजे. विज्ञान इतके सरळ नाही. बुटात बाहेरच्या कडेला जाड, आतल्या कडेला पातळ अशी पाचर घातली तर वाकवणारा जोर थोडा घटतो. पण वर्षभर चाललेल्या एका चाचणीत (२०११) अशी पाचर वापरणाऱ्यांची वेदना साधी सपाट गादी वापरणाऱ्यांपेक्षा अधिक कमी झाली नाही. उलट मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाने वेदना कमी होते, पण चालताना मोजलेला वाकवणारा जोर मात्र जवळजवळ तेवढाच राहतो!

याचा उलगडा असा, की वेदनेचे धागे अनेक आहेत. भार हा एक धागा. अस्तराची सूज हा दुसरा. फार दिवस दुखत राहिले की मज्जारज्जू आणि मेंदू हळवे होतात व थोडीशी कळही मोठी वाटते, हा तिसरा. त्यात अपुरी झोप आणि चिंता यांचीही भर पडते. केवळ एक धागा ओढून सगळी गाठ सुटत नाही.

मग करावे काय?

पहिली गोष्ट काठी. पुष्कळ वृद्ध माणसे ज्या बाजूचा गुडघा दुखतो त्याच हातात काठी धरतात. ती विरुद्ध हातात धरली पाहिजे. फळांनी लवलेल्या फांदीला टेकू देताना आपण तो बुंध्याजवळ देत नाही, लवलेल्या टोकाकडे देतो. उजव्या पायावर उभे असताना शरीराचे ओझे डावीकडे लवलेले असते, म्हणून टेकूही डावीकडे हवा, आणि काठी व दुखरा पाय एकाच वेळी पुढे पडावा. २००८ सालच्या एका अभ्यासात विरुद्ध हातातील काठीने वाकवणारा जोर सुमारे १० टक्क्यांनी घटला. पुढे ब्राझीलमध्ये ६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१२) दोन महिने रोज काठी वापरणाऱ्यांची वेदना कमी झाली. काठीला खर्च नाही. आड येते ती लाज.

दुसरी गोष्ट वजन. अमेरिकेतील मेसियर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले, की स्थूल रुग्णांचे वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. पाच किलो घटले तर पावलागणिक वीस किलो! एका पायाची हजार पावले धरली तरी वीस हजार किलोंचे ओझे उतरले. थेंबे थेंबे तळे साचते, तसे ते आटतेही. जिच्या अंगावर मुळातच मांस नाही, त्या मजूर बाईला वजन घटवण्याचा उपदेश अर्थातच निरर्थक आहे. तिच्या डोक्यावरची घागर आणि चाऱ्याचा भारा हलका करणे, तो दोन खेपांत वाटणे, हा तिच्यापुरता त्याचा अर्थ आहे. डोक्यावरचे ओझेही शेवटी गुडघ्यांतूनच जमिनीत जाते.

तिसरी गोष्ट मांडीचा व्यायाम. ओट्यावर बसून पाय सरळ करावा, मांडी आवळून काही क्षण धरावी, मग हळूच खाली सोडावा. रोज थोडे थोडे करत जावे. त्याला ना यंत्र लागते ना पैसा.

चौथी गोष्ट पाऊल टाकण्याची पद्धत. ६८ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रत्येकाची चाल मोजून, ज्याला जसे मानवेल तसे पाऊल पाच किंवा दहा अंश आत वा बाहेर वळवायला शिकवले. त्यांची वेदना कमी झाली आणि कूर्चेचा ऱ्हासही मंदावल्याचे दिसले. मात्र एकाला आत वळवणे मानवते तर दुसऱ्याला बाहेर. चुकीच्या दिशेने वळवल्यास भार वाढूही शकतो. म्हणून हा प्रयोग घरच्या घरी करू नये.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे चालणे सोडू नये. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या आणि गुडघ्याचा हा आजार असलेल्या १२१२ जणांच्या पाहणीत (२०२२) व्यायाम म्हणून चालणाऱ्यांमध्ये नव्याने वारंवार गुडघेदुखी सुरू होण्याचे प्रमाण न चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. अशा पाहणीवरून चालणे हेच कारण असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, तरी ‘बसून राहा’ या सल्ल्याला त्यात आधार मिळत नाही. एका दमात फार न चालता तुकड्यातुकड्याने चालावे. रात्रीपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले राहिले तर टप्पा आखूड करावा. गुडघा एकाएकी सुजला, लाल व गरम झाला, ताप आला किंवा तो अडकून सरळच होईना, तर मात्र घरगुती उपाय करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी अशी कोणीतरी डुलत चालणारी आई, आजी किंवा आजोबा असतील. आपण पुढे चालतो आणि मागे वळून ‘लवकर चल ना’ म्हणतो. त्याऐवजी त्यांच्या बरोबरीने चालून पाहावे. कोणता गुडघा दुखतो, उतारावर अधिक की चढावर, काठी कोणत्या हातात आहे, हे विचारावे. आमच्या गावच्या ओढ्याला दोन्ही बाजूंनी उतार आहे. तेथे आईच्या डोक्यावरचा भारा आता मी घेते, आणि तिच्या डाव्या हातात काठी असते, कारण दुखतो तो उजवा गुडघा. पहिले चार दिवस बाया हसल्या. पाचव्या दिवशी त्यांच्यातल्याच एकीने विचारले, ‘काय गं, माझा डावा दुखतो, मी कोणत्या हातात धरू?’